बावीस मात्रांची हकीकत

नादास नमस्कार, तंबोऱ्यास नमस्कार, आणि ज्या कोणी पहिल्याने श्वास कोंडून दुसऱ्याची वाट पाहिली त्या अनाम माणसास साष्टांग नमस्कार करून हे लिहिले आहे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, कार्तिक वद्य पक्षी चित्रवाहिनीच्या दरबारी मोठी मसलत जाहली, तिचे व पुढे जे घडले त्याचे वर्तमान येणेप्रमाणे. हे राज्य म्हणजे घरोघरी भिंतीस टांगलेल्या काचेत ज्याचा अंमल चालतो ते. यास किल्ले नाहीत, नद्या नाहीत. प्रजा कोचावर बसून रोज सायंकाळचे दोन तास नजर करते आणि त्यावर राज्य चालते. या राज्यात एक रिवाज आहे, की गाणारा पंचाहत्तर किंवा ऐंशी वर्षांचा जाहला म्हणजे त्यास सिंहासनावर बसवावे, शाल घालावी, श्रीफळ द्यावे, आणि त्याची गाणी तरुण मंडळींकडून त्याच्यासमोर गाववून घ्यावी, आणि मधून मधून त्याच्या डोळ्यांत पाणी आले की ते फार जवळून दाखवावे. ज्याचा सत्कार त्याने मात्र गाऊ नये. हा नियम कोठे लिहिलेला नाही. परंतु आम्ही मागील एकोणीस सोहळे तपासले, त्यांत सत्कारमूर्तीने गायल्याचे तीन दाखले मिळाले, आणि तिन्ही वेळा दोन ओळींनंतर टाळ्या वाजवून थांबविले आहे. यंदा मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस नलिनीबाई बिवलकर यांस ऐंशी वर्षे पुरी होत होती. सबब दरबारचे दिग्दर्शक कौस्तुभपंत यांनी मंडळी जमवून विडा ठेवला, आणि गुडघेदुखीचे मलम करणाऱ्या एका सावकारांनी सोहळ्याचा भार उचलला, आणि ऐसे ठरले की सिंहासनामागे मलमाची डबी मनुष्याच्या उंचीची उभी करावी, आणि मग चहा जाहला.

नलिनीबाई कोण, हे सांगणे प्राप्त आहे. शके १८९० साली, बाई चोवीस वर्षांच्या असता, त्यांनी 'घाट उतरली गाडी ग, अजून दिसेना धूळ' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. घरचे माणूस यायचे म्हणून उंबऱ्याशी उभी राहिलेली बाई ते गाते. त्याची चाल मिनिटास बहात्तर मात्रा, म्हणजे स्वस्थ माणसाच्या नाडीइतकी. ध्रुवपद जाहले की क्लॅरोनेट वाजते, जी सनईची विलायतेकडील बहीण, अंगाने काळी आणि आवाजाने घोगरी. आणि तिचा शेवटचा स्वर लांबतो, आणि तो संपता संपता बाईंनी अंतरा उचलावा ऐसी रचना. वाजविणारे श्रीपतराव गुरव, वारणाकाठचे, देवळात सनई वाजविणाऱ्या घराण्यातले, बाईंहून चार वर्षांनी वडील. त्या काळी खोलीत एकच मायक्रोफोन असे, त्यापुढे बाई उभ्या आणि मागे तीन पावलांवर श्रीपतराव. पहिल्याच खेपेस बाईंचा श्वास अडकला आणि त्या दोन मात्रा उशिरा आल्या, आणि श्रीपतरावांनी त्या येईतो स्वर सोडला नाही, धरून ठेवला. बाई ओशाळल्या. संगीतकारांनी पुन्हा ऐकले आणि म्हणाले, "राहू द्या हे असंच. कुणीतरी खरंच वाट बघतंय असं वाटतं." मग तबकडी निघाली, आणि त्या दोन मात्रांनी अवघा मुलूख काबीज केला. पुढे तीस वर्षे मैफलींत त्याचा रिवाजच पडला. बाई कधी दोन, कधी पाच, कधी नऊ मात्रा उशीर करीत, आणि श्रीपतराव स्वर धरून उभे राहत, आणि किती उशीर हे दोघांत कधी बोलणे होत नसे. लोकांस तो खेळ फार प्रिय. मग शके १९२० साली एका मोठ्या मैफलीत, दोन हजार माणूस समोर असता, बाईंच्या मनात आले की पाहू, हा माणूस कोठवर थांबतो. आणि बाई पदराआड बोटांची पेरे मोजीत उभ्या राहिल्या. दहा जाहल्या, पंधरा जाहल्या, श्रीपतरावांचा चेहरा तांबडा जाहला, आणि बाविसाव्या मात्रेस त्यांचा श्वास तुटला आणि क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती किंचाळली. लोक हसले. लोकांचे काही नाही; पण बाईही हसल्या. श्रीपतरावांनी राहिलेले गाणे बिनचूक वाजविले, क्लॅरोनेट पुसली, तुकडे सोडवून पेटीत ठेवले, आणि सकाळच्या एसटीने गावी गेले ते परत आले नाहीत. सव्वीस वर्षांत पत्र नाही, निरोप नाही. त्या मैफलीची फीत आहे. आम्ही मोजली. बावीस भरतात.

तर कौस्तुभपंत श्रीफळ घेऊन बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडी दाखल जाहले, आणि लिफ्ट बंद होती म्हणून धापा टाकीत बसले. बाईंची भाची अपर्णा, जी बाईंपाशी राहते आणि त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, तिने पाणी दिले. बाई म्हणाल्या, "येईन मी. पण क्लॅरोनेटला श्रीपतराव हवेत. आणि अंतरा मी म्हणणार." पंत घोटभर पाणी पिऊन म्हणाले, "ताई, तुम्ही नुसतं बसायचं. तुमच्या आवाजाला उगीच त्रास..." बाई म्हणाल्या, "त्रास आवाजाला नाही होत. ऐकणाऱ्याला होतो. चार ओळींचा अंतरा आहे, तेवढा सोसा. मला एकदा वेळेवर यायचंय." पंतांस हे काय ते उमगले नाही. ते म्हणाले, "वेळेची काळजीच सोडा, गाडी आमची असेल." पंत गेल्यावर अपर्णा म्हणाली, "मावशी, एवढं रामायण कशाला? फोन करून माफी मागून टाक ना त्यांची. मी नंबर शोधून देते." बाई म्हणाल्या, "आणि फोनवर काय सांगू? सव्वीस वर्षांपूर्वी हसले होते, ते परत घेते म्हणून?" "मग गाऊन काय होणार आहे?" "जिथे उशीर केला तिथेच वेळेवर जायला हवं ग. दुसरीकडे कुठे जाऊन उपयोग नाही." मग अपर्णेने पंतांस निक्षून कळविले की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मावशी पाचाच्या ठोक्याला घरी पाहिजे. इकडे दरबारातून वारणाकाठी पत्र गेले, की बाई स्वतः गाणार आहेत, आपण वाजविण्यास यावे. श्रीपतराव चौऱ्याऐंशी वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातसुनेने पत्र वाचून दाखविले. त्यांनी दोनदा वाचावयास लावले, आणि मग माळ्यावरची पेटी काढावयास सांगितली.

सोहळ्याचे चित्रण जन्मदिवसाच्या बारा दिवस आधी राजधानीतील मोठ्या दिवाणखान्यात ठरले. सकाळी दहास बाई जांभळे इरकल नेसून दाखल जाहल्या, तो समोर रंगमंच रिकामा. दिवे लागलेले, चित्रयंत्रे तोफांसारखी मोर्चे धरून उभी, आणि गाणारे कोणी नाही. याचे कारण या राज्याची काम करण्याची रीत. वृद्ध माणूस दमते, म्हणून आधी त्याचे हसणे, रडणे, मान डोलविणे हे सर्व एकत्र टिपून घ्यावे आणि त्यास घरी धाडावे. गाणी सावकाश मागाहून व्हावी. आणि शेवटी दोहोंस जोडून द्यावे. आधी अश्रू, मग गाणे. येथील चोपदार ढवळे, कानांस यंत्र लावलेले, ते बाईंसमोर वाकून म्हणाले, "ताई, आता समजा एक छोटी मुलगी तुमचं गाणं म्हणतेय. कौतुकानं हसा." बाई हसल्या. "छान. आता समजा एक तान चुकली, पण तुम्ही मोठ्या मनाच्या." बाई म्हणाल्या, "तान कोणती ते सांगाल का? सगळ्या चुकांना मी सारखी हसत नाही." ढवळे म्हणाले, "कुठलीही समजा ताई, लोकांना कळत नाही." याप्रमाणे दीड प्रहर चालले. बाईंनी बावीस वेळा मान डोलविली, अकरा वेळा टाळ्या वाजविल्या, आणि दर खेपेस विचारीत, "श्रीपतराव आले का?" ढवळे बाराच्या सुमारास म्हणाले, "आलेच ताई, गाडी खंबाटकी उतरली." दोनास विचारले, तेव्हाही खंबाटकीच उतरली होती. बाई म्हणाल्या, "अहो ढवळे, घाट आहे की जिना? किती वेळा उतरायचा?" तेव्हा ढवळ्यांनी खरे सांगितले, की घाटात कांद्याचा ट्रक आडवा पडला आहे आणि गाडी घाटापलीकडेच अडकून आहे. मग चारास शेवटचे टिपायचे राहिले. ढवळे म्हणाले, "आता समजा श्रीपतकाका वाजवतायत. तुम्ही ऐकताय. जुने दिवस आठवा. पाणी आलं तर येऊ द्या." बाईंनी रिकाम्या रंगमंचाकडे पाहिले आणि पदराखाली हात नेला. त्यांचे ओठ हलू लागले. कौस्तुभपंत यंत्राच्या काचेत पाहून म्हणाले, "वा, मनातल्या मनात गातायत. हे सोडू नका." बाई गात नव्हत्या, पेरे मोजीत होत्या. बावीस जाहल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी आले, आणि पंतांनी अंगठा वर केला.

मग अपर्णा शाल घेऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, "मी थांबते." पंत म्हणाले, "ताई, आम्ही करतो काहीतरी, तुम्ही दमलात, तुमचा अंतरा आपण नंतर घेऊ." बाई म्हणाल्या, "नंतर म्हणजे केव्हा?" "नंतर म्हणजे नंतर, ताई. जोडता येतं सगळं." बाई म्हणाल्या, "जोडायचं नाहीये हो मला." पण नाडी पाहिली ती शंभराच्या वर गेली होती, आणि अपर्णेच्या डोळ्यांत भय दिसले, आणि बाईंनी आयुष्यात दुसऱ्याच्या भयापुढे कधी हट्ट केला नव्हता, एक वेळ सोडून. त्या उठल्या. जाताना सिंहासनाच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी वेळेवर आले होते." ढवळे "हो ताई" म्हणाले, आणि हे सांगावयाचे त्यांच्या ध्यानातून गेले.

साडेपाचास श्रीपतराव दाखल जाहले. धोतर, कोट, डोक्यास फेटा, काखेत पेटी, आणि नऊ तासांच्या प्रवासाने पाय सुजलेले. पहिला प्रश्न केला, "बाई हाईत का?" येथे कौस्तुभपंतांनी जो हुकूम केला त्याचा विचार पुढील लोकांनी करावा. त्यांनी मनात आणिले, की म्हाताऱ्यास बाई नाहीत हे कळले तर तो वाजविणार नाही आणि परत जाईल. आणि रिकाम्या सिंहासनाची पाठ यंत्रात दिसू नये यासाठी तशीही कोणी बसविणे आहेच. सबब प्रेक्षकांतल्या लीलाबाई भुजबळ यांस जांभळे लुगडे देऊन सिंहासनावर बसविले. इतिहासात तोतये बहुत जाहले, परंतु ते राज्यासाठी जाहले. लीलाबाई मात्र पहिल्या रांगेत बसावयास मिळते एवढ्यासाठी जाहल्या, आणि मन लावून मान डोलवू लागल्या. पंत म्हणाले, "त्या काय, समोर बसल्यात." श्रीपतरावांस दिव्यांच्या उजेडात जांभळा रंग तेवढा दिसला. त्यांनी त्या रंगास वाकून नमस्कार केला. मग ते पत्ती ओठांत भिजवीत उभे राहिले. शेजारी इरावती नामक तरुण गायिका, ध्रुवपद आणि अंतरा दोन्ही म्हणावयाची, ती मूळ तबकडी शेकडो वेळा ऐकून तयार होती. दोन मात्रांचा उशीरही तिने बरोबर मोजून बसविला होता. तिला श्रीपतराव म्हणाले, "पोरी, पहिलं तू म्हण. अंतरा बाई म्हनतील." तिने पंतांकडे पाहिले. पंतांनी नजर यंत्रात घातली.

गाणे सुरू जाहले. इरावतीने ध्रुवपद सुरेख म्हटले, आणि क्लॅरोनेट वाजली, आणि दिवाणखान्यातील तीनशे माणसे, जी सकाळपासून सांगितल्यावर टाळ्या वाजवीत होती, ती न सांगता गप्प जाहली. शेवटचा स्वर आला. श्रीपतरावांनी तो धरला आणि जांभळ्या रंगाकडे तोंड केले. दोन मात्रा गेल्या, इरावतीने तोंड उघडले, तो त्यांनी डावा तळवा तिच्यापुढे धरला, की थांब. पाच गेल्या. आठ गेल्या. लीलाबाईंची मान डोलावयाची थांबली. अकराव्या मात्रेस श्वास तुटला. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा तोच स्वर धरला. या खेपेस सात. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा धरला. चार. ढवळे कानांतील हुकुमावरून पुढे आले आणि हलके म्हणाले, "काका, थांबा." श्रीपतरावांनी क्लॅरोनेट ओठांवरून काढून काहीएक उत्तर दिले, ते इतके बारीक की ढवळ्यांसही कळले नाही. वाद्यास चिकटविलेल्या मायक्रोफोनने मात्र ते ऐकले. मग लीलाबाई भुजबळ, ज्यांस कोणी बोलावयास सांगितले नव्हते, त्या सिंहासनावरून उतरून रंगमंचाच्या कडेशी आल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी त्या नव्हे हो. त्या गेल्या मघाशीच. मला नुसतं बसवलंय." श्रीपतराव त्यांच्या आवाजाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तरीच. बाई एवढी मुंडी न्हाई हलवत." कोणी हसले नाही. त्यांनी क्लॅरोनेट पुसली, तुकडे सोडविले, पेटी बंद केली, आणि चहा नको म्हणून गाडीत जाऊन बसले.

पुढे जोडाजोड. दरबारची नादभांडारी वैजयंती कुलथे, जिच्या ताब्यात सर्व आवाज असत, तिला हुकूम जाहला की अकरा मात्रांच्या दोन कराव्या, पुढील सर्व काढावे, आणि अंतरा इरावतीकडून कळफलकाच्या साथीने म्हणवून लावावा. तिने तसे केले. काढलेले मात्र तिने पुसले नाही, वेगळे ठेवले. मग मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस सोहळा काचेत प्रकट जाहला. सगळे बिनजोड. क्लॅरोनेट वाजते, बाईंचे ओठ हलतात, डोळे भरतात, स्वर दोन मात्रा लांबतो, आणि अंतरा येतो. मुलूख गहिवरला. लोकांनी एकमेकांस लिहिले की सव्वीस वर्षांनी भेट जाहली, आणि ती पाहावयास आम्ही होतो. बाईंच्या बिऱ्हाडी शेजारणी जमल्या होत्या, त्यांतील एकीने पदर डोळ्यांस लावून म्हटले, "काय सांगू ताई, तुम्हाला एकमेकांकडे बघताना बघून..." बाई काचेकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अपर्णा, हा स्वर कापलाय." अपर्णा म्हणाली, "मावशी, आजच्या दिवशी तरी चुका काढू नकोस." "चूक नाही काढत. श्रीपतरावांचा स्वर संपताना जरासा खाली येतो, माणूस बसताना गुडघ्यावर हात ठेवतो तसा. हा उभाच्या उभा कापलाय. पुढे अजून होता." "किती असेल?" बाई म्हणाल्या, "तेच तर." आणि मलमाची जाहिरात लागली, तिच्यात एक आजोबा जिना धावत चढत होते, आणि बाईंनी काच बंद करावयास सांगितली.

दुसऱ्या दिवशी अपर्णेने दरबारी विचारणा केली. पंतांनी कळविले की पूर्ण स्वर तेवढाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कोणी न बोलाविता वैजयंती कुलथे आपले यंत्र आणि कानांस लावावयाच्या दोन वाट्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर आली, आणि दारातच म्हणाली, "ताई, कापलं ते मी कापलं. म्हणून मीच आणलंय." बाई म्हणाल्या, "बस. आधी चहा घे." मग बाईंच्या कानांस वाट्या लावल्या आणि जे काढले होते ते ऐकविले. बाईंनी डोळे मिटले, आणि मांडीवर उजवा हात उघडा ठेवला, आणि पेरांवरून अंगठा चालू लागला. अकरा. श्वास. सात. श्वास. चार. बेरीज बावीस होते. यावरून काही सिद्ध होत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या छातीत जेवढा वारा होता तेवढा निघाला, एवढाच याचा अर्थ. तरी बाईंचा अंगठा शेवटल्या पेरावर येऊन राहिला तो उठेना. मग ढवळ्यांचा आवाज आला, "काका, थांबा." आणि मग श्रीपतरावांचे ते उत्तर, जे कोणी ऐकले नव्हते. ते म्हणाले, "येतील. उशिरा यायची सवय हाय त्यांची."

बाईंनी वाट्या काढल्या. चहावर साय आली होती. मग बाई म्हणाल्या, "अपर्णा, संपतला विचार, उद्या सकाळी गाडी काढशील का म्हणून." अपर्णा म्हणाली, "मावशी, पाच तास लागतात. डॉक्टर काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "डॉक्टरांना सांग, माझा अंतरा राहिलाय." वैजयंतीने विचारले, "मी येऊ का ताई, यंत्र घेऊन? नुसतं टिपून ठेवीन, कुणाला देणार नाही." बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नको बाळा. टिपलेलं कापता येतं." सबब येथून पुढे या हकीकतीस यंत्राचा आधार नाही. जे आहे ते गाडीवान संपत याच्या तोंडचे, आणि अपर्णेस विचारले असता ती "मी स्वयंपाकघरात होते" एवढेच सांगते आणि विषय बदलते.

संपत म्हणाला ते ऐसे, की दशमीस पहाटे निघालो, खंबाटकीचा घाट मोकळा होता, आणि वारणेच्या पुलावर बाई गाडी थांबवून पाणी प्यायल्या आणि त्यांनी घसा साफ केला. दुपारी गावात पोहोचलो. श्रीपतराव ओसरीवर बसून शेंगा निवडीत होते. गाडीचा आवाज ऐकून म्हणाले, "कोन हाय?" बाई उतरल्या, काठी टेकीत ओसरीच्या पायरीशी गेल्या, पण नाव सांगितले नाही. तेथेच उभ्या राहून त्यांनी ध्रुवपद म्हटले. आम्ही विचारले, आवाज कसा होता? संपत म्हणाला, "आवाज काय, ऐंशी वर्षांचा. फाटलेला. पण गल्लीतली माणसं दारात आली." आम्ही विचारले, मग? तो म्हणाला, "मग काही नाही. बाई ओळ म्हणून उभ्या राहिल्या आणि ते म्हातारे उठून आत गेले. मला वाटलं, झालं, आता दार लावतात. बाई मात्र हलल्या नाहीत. मी म्हटलं, बाई, बसा की. तर मला म्हणाल्या, गप रे, माझी पाळी आहे थांबायची." आत पेटी उघडल्याचा आवाज जाहला, तुकडे जुळविल्याचा जाहला, नातसून काही बोलली आणि तिला कोणी गप्प केले. खोकला आला, थांबला, पुन्हा आला. आम्ही विचारले, किती वेळ? संपत म्हणाला, "घड्याळ नाही बघितलं. समोर पेरूचं झाड होतं, त्यातला एक काढून मी खाल्ला. पूर्ण." आम्ही विचारले, सावकाश की भरभर? तो म्हणाला, "माझं लक्ष कुठे होतं पेरूकडे?" मग क्लॅरोनेट वाजली. आरंभी नुसता वारा आला, मग सूर लागला, आणि शेवटचा स्वर आला, आणि येथे आम्ही संपतास तीन वेळा फिरवून फिरवून विचारले, आणि तिन्ही वेळा त्याने एकच सांगितले, की स्वर संपतो न संपतो तोच बाईंचा आवाज आला, मध्ये सुई जाईल एवढी फट नव्हती. अंतरा पुरा जाहला. टाळ्या कोणी वाजविल्या नाहीत. मग श्रीपतराव म्हणाले, "आज लवकर आलासा." आणि बाई म्हणाल्या, "सव्वीस वर्षं लागली, श्रीपतराव, लवकर काय." आणि शेंगांचे सूप मध्ये घेऊन दोघे निवडीत बसले.

तात्पर्य, काचेत जो सोहळा दिसला तो तीनशे माणसांनी, चौदा यंत्रांनी आणि एका मलमाने मिळून केला, त्यात बाई अंतऱ्यास आल्या नाहीत आणि श्रीपतरावांची वाट संपली नाही. ओसरीवर जे जाहले ते कोणी टिपले नाही. श्रीपतरावांनी धरलेल्या मात्रा मोजल्या, त्या दोन्ही वेळा बावीस भरल्या. बाईंनी पायरीशी किती मात्रा वाट पाहिली हे मात्र आता कळावयास मार्ग नाही. पेरू मुठीएवढा होता, एवढे नक्की.